आकाशातली दुसरी वाट

12 नोव्हेंबर 1996 रोजी, दिवेलागण होऊन गेल्यावर, हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन प्रवासी विमाने हवेत धडकली. सौदी अरेबियन एअरलाइन्सचे बोइंग 747 दिल्लीहून नुकतेच उडाले होते. कझाकस्तान एअरलाइन्सचे इल्युशिन दिल्लीत उतरण्यासाठी खाली येत होते. दोन्हींत मिळून 349 माणसे होती. आखातात पोटापाण्यासाठी निघालेले कितीतरी भारतीय त्यांत होते. कोणीही वाचले नाही.

दिल्लीभोवतालचे बरेचसे आकाश तेव्हा हवाई दलासाठी राखीव होते. नागरी विमानांच्या वाट्याला जी चिंचोळी वाट आली, तिच्यातूनच येणाऱ्यांनी यायचे आणि जाणाऱ्यांनी जायचे. मध्ये अंतर काय ते फक्त उंचीचे. सौदी विमानाला 14 हजार फुटांवर थांबायला सांगितले होते, कझाक विमानाला 15 हजारांवर. नियंत्रकाच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसे, किती उंचीवर आहे ते दिसत नसे. समोरून विमान येत असल्याची सूचना त्याने कझाक वैमानिकांना दिलीही होती. तरी ते विमान दिलेल्या पातळीच्या खाली उतरले. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीत ठपका कझाक चमूवर आला आणि तो योग्यच होता. पण साडेतीनशे जीव एका आकड्याच्या भरवशावर ठेवणारी व्यवस्था त्या चमूने उभारलेली नव्हती.

अपघातानंतर दिल्लीत येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारे रडार आले आणि भारतीय आकाशात येणाऱ्या मोठ्या विमानांवर टक्करविरोधी यंत्रणेची सक्ती झाली. वैमानिक तिला टीकॅस म्हणतात. हे यंत्र आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे हाकेला आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणाला, सतत साद घालते. आलेल्या उत्तरांवरून अंतर, उंची आणि जवळ येण्याचा वेग काढते. धोका दिसला की कॉकपिटमध्ये आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा आवाज उमटतो. धोका टळला नाही, तर टकरीला साधारण अर्धा मिनिट किंवा त्याहूनही कमी वेळ उरलेला असताना थेट आज्ञा येते. दोन्ही विमानांतली यंत्रे आपसांत ठरवून घेतात. एकाला ‘क्लाइंब’ सांगितले, तर दुसऱ्याला ‘डिसेंड’. जमिनीवरच्या कोणालाही न विचारता विमानांनी आपसांत अंतर राखायचे, याचा हा शेवटच्या क्षणापुरता अवतार.

तोही पुरा पडला नाही. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीतील उबरलिंगनच्या आकाशात रशियन विमानाला टीकॅसने वर जायला सांगितले आणि झुरिकच्या नियंत्रकाने खाली. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. समोरच्या मालवाहू विमानाने यंत्राचे ऐकले आणि तेही खालीच आले. 71 जण गेले, त्यांत बहुतेक शाळकरी मुले. अशा वेळी टीकॅसची आज्ञाच पाळायची, नियंत्रक काहीही म्हणो, हा नियम त्यानंतर जगभर निःसंदिग्ध झाला. तो ती मुले जाण्याआधी व्हायला हवा होता.

आता याच्या पुढची पायरी येऊ घातली आहे. प्रत्येक विमान उपग्रहावरून आपले ठिकाण ओळखून ते सतत प्रसारित करील, शेजारचे विमान ते ऐकून स्वतःच अंतर राखील आणि त्याच आकाशात जास्त विमाने मावतील. ही दिशा चुकीची नाही. पण अचूकतेलाही स्वतःचा धोका असतो. 29 सप्टेंबर 2006 रोजी ब्राझीलच्या जंगलावर एक बोइंग आणि एक छोटे जेट एकाच मार्गावर, एकाच 37 हजार फुटांवर, इतक्या नेमकेपणे समोरासमोर आले की पंखाला पंख घासला. बोइंगमधले सर्व 154 जण गेले. जुन्या, ढिसाळ दिशादर्शनाच्या काळात ही विमाने कदाचित एकमेकांना चुकवून गेली असती. छोट्या जेटचा ट्रान्सपॉन्डर बंद होता, त्यामुळे दोन्हीकडची टीकॅस मुकी राहिली. शिवाय उपग्रहाचा संकेतही खोटा असू शकतो. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीजवळ विमानांना जीपीएसचे बनावट संकेत मिळाले आणि सरकारला ते संसदेत मान्य करावे लागले. जमिनीवरचे रडार आणि त्यासमोर बसलेला ताजातवाना नियंत्रक ही जुनी खर्चिक व्यवस्था म्हणूनच मोडीत काढता येणार नाही.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा राहिलेला नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी जवळपास एकीवरच भार असतो. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि शेजारीशेजारी दोन विमानतळांची ये-जा एकाच आकाशात आली. उद्घाटनात टर्मिनलच्या छताचे कौतुक झाले, ते होणारच. पण प्रवाशाच्या जिवाशी संबंध असलेला नकाशा त्या छताच्या वर आहे. दोन्ही विमानतळांच्या येण्या-जाण्याच्या वाटा कुठे छेदतात, छेदतात तिथे उंचीखेरीज आडवे अंतर किती आहे, हवाई दल आणि नौदलाकडचे आकाश नागरी विमानांना कोणत्या वेळी खुले होते, दोन्हीकडच्या नियंत्रकांच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि सलग किती तास त्यांना बसावे लागते, हे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने संसदेत ठेवावे. विमाने धोकादायक अंतरावर आल्याच्या प्रत्येक घटनेचा अहवालही, नावे वगळून, जाहीर व्हावा. वेगळी वाट द्यायला दिल्लीने 349 माणसे जाण्याची वाट पाहिली. मुंबईचे वेळापत्रक अजून वाढायचे आहे, आणि वाटा आखायला तोवरचाच वेळ आहे.