बंधने सुटली, परिचारिका कुठे आहेत?

केवळ कर्मचारी अपुरे आहेत म्हणून मनोरुग्णाला बांधून ठेवता येणार नाही, असे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे कलम ९७ बजावते. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. त्या घटनेनंतर असे कलम येणे अपरिहार्यच होते. प्रश्न आहे तो दोर सोडल्यावर खाटेपाशी थांबणार कोण, हा.

मनोविकारतज्ज्ञ फेरी आटोपून निघून जातात; उरलेले तास परिचारिकेचे. उन्मादावस्थेकडे झुकणाऱ्या रुग्णाची झोप आधी कमी होते, बोलण्याचा वेग वाढतो, जेवण अर्धवट राहते. हे वेळेत टिपले तर गोंगाट कमी करून, सुरक्षित अंतर राखून, संथ स्वरात बोलून पुढचा प्रसंग अनेकदा टळतो. लिथियम घेणाऱ्याचे हात अधिक थरथरू लागले, उलट्या सुरू झाल्या, तोल जाऊ लागला, तर ती विषबाधेची सूचना असू शकते. नैराश्यातील रुग्णाबाबतचा धोका अधिक फसवा. उपचारांनी अंगात बळ येते, मन मात्र अजून सावरलेले नसते. नातेवाईक ‘आता बरे वाटते आहे’ म्हणत निश्चिंत होतात, नेमक्या त्या दिवसांत आत्महत्येविषयी थेट, न बिचकता विचारावे लागते. असे विचारल्याने तो विचार रुग्णाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. पण ती रुग्णालयांतही आढळते. रात्रपाळीत भरलेला कक्ष एकटीने सांभाळणाऱ्या परिचारिकेला यातले काय जमणार? तिथे मग दोर किंवा गुंगीचे इंजेक्शनच सोयीचे ठरते.

मनुष्यबळाचे बंधन कायद्याने सरकारांवरही घातले आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्यासाठी कलम ३१ ने दहा वर्षे दिली. कायदा २९ मे २०१८ रोजी लागू झाला, म्हणजे मुदत मे २०२८ पर्यंतची. ‘मानसिक आरोग्य परिचारिका’ या संज्ञेच्या व्याख्येत मात्र मनोविकार परिचर्येच्या पात्रतेबरोबरच सामान्य परिचर्येची पदविका वा पदवीही चालते. तेव्हा उद्दिष्ट कागदावर गाठण्याची वाट कायद्यातच मोकळी आहे. राज्यांनी मनोविकार परिचर्येचे विशेष शिक्षण घेतलेल्यांची स्वतंत्र पदे निर्माण करावीत, त्यांची इतर विभागांत बदली थांबवावी आणि प्रत्येक पाळीत किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या, हे बंधनांच्या नोंदीशेजारीच लिहिणे सक्तीचे करावे. म्हणजे दोर कशासाठी वापरला गेला, हे तपासणाऱ्यांना त्याच पानावर दिसेल.