परवान्याची बंदूक

८ जानेवारी २०११ रोजी अमेरिकेतील टूसॉन येथे लोकप्रतिनिधी गॅबी गिफर्ड्‌स यांच्या मस्तकात गोळी शिरली. सहाजण ठार झाले. त्या वाचल्या, आणि अडखळत्या वाणीने कठोर शस्त्रकायद्यासाठी झगडू लागल्या. तो अमेरिकेचा रोग, असे औंढा नागनाथच्या पारावर कोणी म्हणाले तर ते आम्हांस मान्य नाही. आपल्याच मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात हजारावर परवाने होते. डिसेंबर २०२४ मध्ये सरपंच संतोष देशमुखांची हत्या झाली, ओरड उठली, तेव्हा कुठे शंभरावर रद्द झाले. म्हणजे ते आधी दिलेच कशाला? २०१९ च्या दुरुस्तीने तिनांऐवजी दोन बंदुकांची मुभा ठेवली. दोन तरी का? रक्षणासाठी म्हणे! पेत्रानेही तलवार रक्षणासाठीच उपसली होती. प्रभूने ती म्यानात घालावयास लावली. जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येक परवान्याची निकड नव्याने तपासावी, आणि तपासणी पुढच्या हत्येपर्यंत लांबवू नये.