तिकीट काढून केलेले साहस

हृषीकेशला जाऊन आलेल्या मराठी कुटुंबाच्या देवघरात पूर्वी डाख देऊन बंद केलेला गंगेचा गडू हमखास असे. आज त्याच घरातला नातू हृषीकेशला जातो तेव्हा त्याच्या सामानात चटकन वाळणारी अर्धी विजार असते आणि परत येताना तो आणतो ते पाणी नव्हे, तर पाण्याचा फेस अंगावर घेत असतानाचे चलच्चित्र. आजोबा काठावर बसून गंगेला नमस्कार करीत. नातू रबरी तराफ्यात बसून तिच्या लाटांवर स्वार होतो. या बदलाबद्दल नाक मुरडणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. गंगा ही काय खेळण्याची वस्तू आहे, असा त्यांचा सवाल असतो. दुसऱ्या बाजूला हा खेळ विकणारे व्यापारी आहेत. 'शंभर टक्के सुरक्षित थरार' असे त्यांच्या फलकांवर लिहिलेले असते. हा सरळसरळ वदतोव्याघात झाला. जे शंभर टक्के सुरक्षित आहे त्यात थरार कसला, आणि ज्यात थरार आहे ते शंभर टक्के सुरक्षित कसे असेल?

पहिल्या आक्षेपाला फार वेळ देण्याचे कारण नाही. नदीशी माणसाचा संबंध पूजेपुरताच असावा असे आपल्या परंपरेनेही कधी मानलेले नाही. नावाडी, भोई, कोळी यांचे सारे आयुष्य नदीच्या अंगाखांद्यावर गेले, म्हणून त्यांची भक्ती उणी ठरली नाही. उलट, ज्याने वल्हे हातात धरून एकदा तरी प्रवाहाचा जोर मनगटावर अनुभवला आहे, त्याला नदी ही जिवंत वस्तू आहे हे प्रवचनावाचून कळते. बैठ्या नोकरीत ज्यांचे दिवस जातात अशा शिक्षकांनी, कारकुनांनी आणि परीक्षेच्या चरकातून निघालेल्या विद्यार्थ्यांनी हा अनुभव जरूर घ्यावा. तराफ्यात सात-आठ माणसे बसतात, त्यांतली निम्मी एकमेकांना अनोळखी असतात. आणि साहेब असो की शिपाई, गाइडने 'फॉरवर्ड' म्हणताच सर्वांना एकाच तालात वल्हे मारावे लागते. कचेरीत असा योग क्वचितच येतो!

प्रश्न आहे तो दुसऱ्या बाजूचा. विकत घेतलेल्या या साहसात धोका कोणी पत्करायचा, आणि कोणता?

हे समजण्यासाठी नदी काय करते ते थोडे पाहिले पाहिजे. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी एकत्र येतात आणि तेथून पुढे त्या प्रवाहाला गंगा हे नाव मिळते. त्याच्या खाली कौडियालापासून हृषीकेशपर्यंतचा सुमारे ३६ किलोमीटरचा पट्टा हा या खेळाचा आखाडा. हौशी नवख्यांना बहुधा ब्रह्मपुरीहून नऊ किंवा शिवपुरीहून सोळा किलोमीटरच्या फेरीवर नेतात. मुरलेले लोक वरच्या अंगाला 'मरीन ड्राइव्ह' नावाच्या ठिकाणाहून किंवा थेट कौडियालाहून निघतात. (हिमालयाच्या कुशीत मुंबईचा मरीन ड्राइव्ह कोठून अवतरला, असे मराठी वाचकाला वाटेल. पण तेथल्या खळाळांची नावेही 'रोलर कोस्टर', 'गोल्फ कोर्स', 'थ्री ब्लाइंड माइस' अशीच आहेत. ज्या नदीला सहस्र नामे दिली, तिच्या लाटांना नावे देताना मात्र आपल्याला परक्या भाषेकडे जावेसे वाटले, हे नवलच.)

खळाळ, म्हणजे रॅपिड, तयार होतो तो पात्र अरुंद झाल्यामुळे, उतार एकदम वाढल्यामुळे किंवा बाजूच्या ओढ्याने आणून टाकलेल्या शिळांमुळे. पाणी मोठ्या खडकावरून कोसळते तेव्हा त्याच्या पायथ्याशी ते उलटे फिरते आणि त्या गिरकीत सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा आत ओढली जाते. पांढऱ्या फेसात हवा मिसळलेली असल्याने ते पाणी माणसाला नेहमीसारखे वर उचलून धरत नाही. याउलट, खडकाच्या आडोशाला प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने सावकाश फिरणारे शांत पाणी असते. जाणता गाइड त्याचा विसाव्यासारखा उपयोग करतो. या खळाळांची एक ते सहा अशी आंतरराष्ट्रीय प्रतवारी आहे. एक म्हणजे नुसती झुळझुळ, आणि सहा म्हणजे तेथे जाणे म्हणजे जवळजवळ आत्मघात. परंतु ही प्रत दगडावर कोरलेली नसते, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. पाणी दोन हात चढले की तिसऱ्या प्रतीचा खळाळ चौथ्या प्रतीचा होतो, आणि एखादा धाकटा खळाळ त्याच पाण्याखाली अजिबात नाहीसाही होतो.

नदीत पडलेल्या माणसाने उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, हा या खेळाचा पहिला धडा आहे. पाण्यात पडलेल्या कोणाचीही पहिली धडपड जमिनीला पाय टेकण्याची असते, आणि घात तेथेच होतो. दोन शिळांच्या फटीत पाऊल अडकले की मागून येणारा प्रवाह त्याला पुढे वाकवून पाण्याखाली दाबतो. मग कंबरभर पाणीही पुरे होते. म्हणून पाठीवर उताणे तरंगावे, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला ठेवावेत, आणि दोर येण्याची वाट पाहावी. ही गोष्ट सांगायला पाच मिनिटे लागतात, सराव करून घ्यायला आणखी दहा. गर्दीच्या दिवसांत ही पंधरा मिनिटे वाचवली जातात, आणि हा खेळ धोक्याचा ठरतो तो मुख्यतः अशाच ठिकाणी.

येथे दोन प्रकारच्या धोक्यांत भेद केला पाहिजे. एक धोका नदीचा. लाट उसळेल, तराफा उलटेल, थंड पाण्यात श्वास अडकेल. हा धोका खेळाच्या पोटातच आहे आणि तिकीट काढणाऱ्याने तो समजून उमजून पत्करलेला असतो. दुसरा धोका निष्काळजीपणाचा. जाकिटाचा पट्टा तुटका आहे, शिरस्त्राण डोक्यावर डुगडुगते आहे, तराफ्यात माणसे जास्त कोंबली आहेत, सोबतीला वाचवणारी कयाक नाही, गाइडचे एक लक्ष वल्ह्यावर आणि दुसरे कॅमेऱ्यावर आहे. हा धोका गिऱ्हाइकाने पत्करलेला नसतो, त्याला तो दिसतही नाही. असे असता, निघण्यापूर्वी ज्या छापील कागदावर घाईघाईने सही घेतली जाते त्यात हे दोन्ही धोके 'माझ्या जबाबदारीवर' या एकाच वाक्यात गुंडाळलेले असतात. पहिल्या धोक्यापुरती ही सही योग्यच आहे. दुसऱ्यासाठी ती घेणे म्हणजे खानावळीने जेवणाऱ्याकडून विषबाधेची आगाऊ माफी लिहून घेण्यासारखे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही कल्पना आली आहे. अशा कागदांना ती कसोटी लावून पाहण्यास हरकत नसावी.

गाइडचे खरे कसब कशात असते? वल्हे मारण्यात ते दिसते. पण 'आज नाही' असे म्हणण्यात त्याची परीक्षा होते. १९७७ साली एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी जेट बोटी घेऊन गंगासागराहून गंगेच्या उगमाकडे निघाले. न्यूझीलंडच्या नद्यांवर तयार झालेल्या त्या बोटींनी पर्वतातले भयंकर खळाळ चढून जाण्याचा पराक्रम केला, आणि नंदप्रयागजवळच्या एका धबधब्यापाशी हा जलप्रवास थांबला. जगाच्या सर्वोच्च शिखरावर उभ्या राहिलेल्या त्या माणसाने तेथे बोटी सोडल्या आणि पुढची वाट पायांनी धरली. त्या माघारीने त्यांच्या कीर्तीला काही बाध आला नाही.

याच्या नेमके उलटे उदाहरण स्वित्झर्लंडचे. २७ जुलै १९९९ रोजी इंटरलाकेनजवळच्या झाक्सेटेनबाख या ओढ्याच्या घळीत पर्यटकांचे एक पथक वाटाड्यांबरोबर उतरले होते. हा प्रकार तराफ्याचा नव्हे, पायी घळ उतरण्याचा. पण व्यवसायाची जात तीच. वरच्या बाजूला वादळी पाऊस पडला, पाण्याचा लोंढा आला आणि २१ जण प्राणास मुकले. त्यांत तीन वाटाडेही होते. पुढे २००१ साली न्यायालयाने या सहली चालवणाऱ्या कंपनीच्या सहा जणांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरवले. डोंगरी सहलींची एवढी जुनी परंपरा असलेल्या त्या देशाला अशा धोक्याच्या व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा करून तो अमलात आणायला २०१४ साल उजाडले. न्यूझीलंडनेही अपघातांनंतर २०११ मध्ये साहसी उपक्रमांचे नियम केले. तेव्हा या बाबतीत आपणच तेवढे मागासलेले आहोत असे म्हणून हळहळण्याचे कारण नाही. आधी मृत्यू आणि मग नियम, हा क्रम सर्वत्र आढळतो.

आपला दोष निराळा आहे. आपल्याकडे कागदावर नियम असतात आणि ते पाळले जावेत म्हणून कोणाला तरी न्यायालयात जावे लागते. उत्तराखंडात राफ्टिंगचे नियम २०१४ सालीच झाले होते. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कौडियाला ते हृषीकेश या पट्ट्यातल्या नदीकाठच्या वाळूवरील तंबूंच्या छावण्यांना मनाई केली, परंतु तराफ्यांना केली नाही. हा विवेक वाखाणण्यासारखा होता. कारण घाण होते ती मुक्कामाने, वाहत्या तराफ्याने नव्हे. जून २०१८ मध्ये मात्र तेथल्या उच्च न्यायालयाने योग्य धोरण आखले जाईपर्यंत राफ्टिंगसह अनेक साहसी खेळच थांबवले आणि सरकारला दोन आठवड्यांची मुदत दिली. खेळ पुढे पुन्हा सुरू झाला. बंदीने प्रश्न सुटत नाही हे खरेच, कारण बंदी उठताच जुनी माणसे, जुनी जाकिटे आणि जुन्या सवयी जागेवर परततात. पण शासनाला न्यायासनाच्या छडीवाचून जाग येऊ नये, याचे वैषम्य वाटल्यावाचून राहत नाही.

गाइड होणारे तरुण बहुतेक गढवालच्या खेड्यांतले किंवा नेपाळातले. जुलै-ऑगस्टमध्ये पावसामुळे नदी बंद, म्हणजे रोजगारही बंद. उरलेल्या महिन्यांत ज्याची मिळकत फेऱ्यांच्या संख्येवर ठरते, त्याने पाणी चढलेले पाहून 'आज नाही' म्हणावे अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याच्या मुलांच्या दुधातून आपल्या सुरक्षिततेचा हप्ता कापण्यासारखे आहे. तेव्हा नियम करायचाच तर तो हा करावा : नदीची स्थिती पाहून गाइडने फेरी रद्द केली तर त्याची मजुरी बुडू नये, आणि गिऱ्हाइकाला पैसे परत मिळावेत किंवा दुसरा दिवस मिळावा. हा भुर्दंड मालकाने सोसावा. हंगामाचा नफाही तोच घेतो. जाकिटांची तपासणी, वयाची अट, मद्यपान केलेल्याला मज्जाव, हे सारे आवश्यक आहेच. परंतु ज्याच्या शब्दावर आठ जीव अवलंबून आहेत त्याला नकार देणे परवडत नसेल, तर बाकीच्या अटी शोभेच्या ठरतात.

हिमालय दूर आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी कोलाड आहे. पुण्या-मुंबईहून सुटीच्या दिवशी गाड्या भरभरून माणसे कुंडलिकेवर तराफे हाकायला जातात. ही नदी एका दृष्टीने गंगेहूनही चमत्कारिक आहे, कारण तिच्या खेळाचे पाणी तिचे स्वतःचे नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीला अडवलेले पाणी बोगद्यांतून आणि नळांतून भिऱ्याच्या वीजघरात कोसळते, जनित्रे फिरवते आणि मग कुंडलिकेत सोडले जाते. भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जाणारे हे पाणी अशा रीतीने अरबी समुद्राला मिळते. याच धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, आणि अखेर त्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. भिऱ्याचे वीजघर १९२७ पासून चालू आहे. तराफ्यात बसून हुर्यो करणाऱ्या तरुणांना हे ठाऊक असावे असा आमचा आग्रह नाही. त्यांच्या शिक्षकांना मात्र ठाऊक असावे.

मुद्द्याची गोष्ट अशी की कुंडलिकेला केव्हा आणि किती पाणी येणार, हे आभाळ ठरवत नाही, वीजघर ठरवते. विजेच्या मागणीप्रमाणे पाणी सुटते, आणि ते सुटल्यावरच सकाळी तराफे निघतात. हृषीकेशच्या गंगेचीही आता काहीशी हीच अवस्था आहे. टिहरीच्या २६० मीटर उंचीच्या धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी कमीअधिक सोडले जाते आणि खाली पातळी चढते-उतरते. जेथे नदीचा स्वभाव माणसाच्या वेळापत्रकात बसवला आहे, तेथे अज्ञानाची सबब चालू शकत नाही. आज पाणी किती वाजता सुटले, पातळी किती, ती कोणत्या पातळीच्या वर गेली तर तराफे थांबतील, हे तिकीटखिडकीशेजारी मोठ्या अक्षरांत रोज लिहिले गेले पाहिजे. त्याच फळ्यावर गाइडचे नाव, त्याचा परवाना आणि आजची त्याची ही कितवी फेरी, हेही असावे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. त्याच्या अंमलबजावणीचा आरंभ या फळ्यापासून करता येईल. त्यासाठी नवा कायदा नको, समिती नको, अभ्यासदौरा तर मुळीच नको. वीजघराने रोज सकाळी एक आकडा कळवायचा आणि कोलाडला कोणीतरी तो खडूने लिहायचा, एवढेच हे काम आहे.