फायरवॉलची वेळ कोण ठरवतं?

साहित्य मंडळाच्या अंकात फायरवॉलवर लेख कशाला, असं काहींना वाटेल. वाटू दे. आपण कविता मोबाइलवर वाचतो, संदर्भ ई-लायब्ररीतून काढतो, असाइनमेंट पोर्टलवर टाकतो आणि हा अंकसुद्धा कागदावर निघत नाही. या सगळ्याच्या दारात जी एक पेटी बसलेली असते, तिला रोज नव्या सूचना येतात. त्या आल्या आल्या लागू करायच्या की थोडं थांबायचं, हे कुणीतरी ठरवतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हा निर्णय एकट्या कॉम्प्युटर लॅबमधल्या सरांचा नाही. टाइमटेबलइतकाच तो सगळ्यांचा आहे.

आधी ही भानगड काय ते बघू. फायरवॉल म्हणजे आपलं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामधला वॉचमन. वॉचमन बदलणं वेगळं आणि त्याच्या हातातली यादी बदलणं वेगळं. वॉचमन बदलणं म्हणजे सॉफ्टवेअर अपग्रेड. ते अधूनमधून, सुट्टी बघून करतात. यादी बदलणं म्हणजे कंटेंट अपडेट, आणि ते सतत चालू असतं. या यादीत नव्या व्हायरसच्या खुणा असतात, हल्ल्यांच्या पद्धती असतात, कुठली वेबसाइट कुठल्या वर्गात मोडते ते असतं आणि कुठलं अ‍ॅप कसं ओळखायचं तेही असतं. व्हायरसच्या खुणेला या धंद्यात 'सिग्नेचर' म्हणतात. चोराची सही! साहित्याच्या विद्यार्थ्याला हा शब्द आवडायलाच हवा.

आता दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, अपडेट आलं की लगेच घ्या. दुसरा म्हणतो, थांबा, आधी जगाला घेऊ दे, मग आपण बघू. गंमत म्हणजे दोघांकडेही भक्कम पुरावा आहे.

पहिल्या पक्षाचा पुरावा २०१७ सालचा. विंडोजमधली एक खिंडार बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिली होती. १२ मेला 'वॉनाक्राय' त्याच खिंडारातून शिरला. मधे जवळजवळ दोन महिने होते, तरी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या. प्रत्येक मशीनवर दुरुस्ती बसवायला वेळ लागतो हे खरं. पण म्हणूनच दारातल्या वॉचमनची यादी ताजी हवी, म्हणजे आतली मशीन्स दुरुस्त होईपर्यंत तो काही हल्ले तरी दारातच अडवेल. त्याच वर्षी अमेरिकेतल्या 'इक्विफॅक्स' कंपनीतून कोट्यवधी लोकांची माहिती चोरीला गेली. तिथे नेटवर्कवर नजर ठेवणारं उपकरण होतं, पण त्याचं प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वी संपलं होतं. वॉचमन खुर्चीवर होता, डोळे मिटून. प्रमाणपत्राचं नूतनीकरण केल्यावर चोरी दिसली.

दुसऱ्या पक्षाचा पुरावा आपल्या सगळ्यांना आठवत असेल. १९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीने एक छोटी फाइल जगभर पाठवली. ७८ मिनिटांत परतही घेतली, पण तोपर्यंत मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन्स बंद पडली होती. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांचे फोटो सगळीकडे फिरले. हे फायरवॉल नव्हतं, कॉम्प्युटरवर बसणारं संरक्षण होतं. पण चूक नेमकी यादीत होती, वॉचमनमध्ये नव्हे. ज्यांनी 'आम्हाला सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती नको, एक आवृत्ती मागेच ठेवा' असं सेटिंग केलं होतं, तेही अडकले, कारण ते सेटिंग कंटेंटला लागूच नव्हतं. मूळ चूक ऐकली तर हसावं की रडावं कळत नाही. एका भागाला २१ रकाने अपेक्षित होते आणि दुसरा भाग २०च भरत होता. त्याआधी २०१० साली 'मॅकअ‍ॅफी'च्या एका अपडेटने विंडोजच्या स्वतःच्याच एका फाइलला व्हायरस ठरवलं होतं. वॉचमनने घरमालकालाच पकडलं!

मग करायचं काय? माझ्या मते चूक 'लवकर की उशिरा' या प्रश्नातच आहे. सगळ्या अपडेटना एकच घड्याळ लावणं हा खरा आळस. पालो आल्टो नेटवर्क्स ही फायरवॉल बनवणारी मोठी कंपनी आहे. तिच्या फायरवॉलमध्ये अगदी ताज्या व्हायरसच्या खुणा काही मिनिटांच्या अंतराने घेता येतात, नेहमीचं अँटिव्हायरस रोज येतं, आणि नवी अ‍ॅप ओळखण्याची यादी साधारण महिन्यातून एकदा, तिसऱ्या मंगळवारी. शिवाय 'अपडेट इतके तास जुनं झाल्याशिवाय घेऊ नकोस' असंही तिला सांगता येतं. जिथे सुरक्षा सगळ्यात महत्त्वाची तिथे ६ ते १२ तास आणि जिथे काम बंद पडून चालणारच नाही तिथे २४ ते ४८ तास थांबा, असा कंपनीचाच सल्ला आहे. म्हणजे थांबणं हा भित्रेपणा नव्हे, ती एक रीत आहे. तेवढ्या वेळात सदोष अपडेट मागे घेतलं गेलं तर आपण वाचतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नव्या अ‍ॅपच्या यादीमुळे. कालपर्यंत एखादी साइट फायरवॉलला 'साधं ब्राउझिंग' वाटत होती, म्हणून चालत होती. आज यादीत तिला स्वतंत्र नाव मिळालं. नियमात ते नाव नाही, झालं, दार बंद. कुणी मुद्दाम बंद केलेलं नसतं. माझी मावसबहीण दुसऱ्या एका कॉलेजात शिकते. तिच्या प्रबंधाच्या सबमिशनला दोन दिवस असताना जुन्या नियतकालिकांचं संग्रहालय उघडेना. लॅबमध्ये विचारलं तर उत्तर आलं, "वरूनच बंद झालंय." वरून म्हणजे कुठून? लायब्ररी म्हणाली आमचं काम नाही, ऑफिस म्हणालं लॅबला विचारा. चौथ्या दिवशी साइट आपोआप सुरू झाली. तोवर तिने ते प्रकरण संदर्भांशिवायच देऊन टाकलं होतं, आणि नेमकं त्यातच मार्क गेले. साइट बंद पडली याचा तिला इतका राग नाही. विचारायचं कुणाला हेच कुणाला माहीत नव्हतं, याचा आहे.

म्हणून माझं मत असं. व्हायरसच्या खुणा न थांबता घ्याव्यात. हल्ल्यांची यादी काही तास थांबून घ्यावी. नव्या अ‍ॅपची यादी मात्र एका माणसाने आधी वाचावी, लायब्ररी आणि परीक्षा विभागाला विचारावं आणि कामाच्या दिवशी सकाळी लागू करावी. परीक्षेच्या आठवड्यात नको, शुक्रवारी संध्याकाळी तर नकोच. काही बिघडलं तर मागच्या यादीवर कसं यायचं, हे किमान दोघांना यायला हवं. आणि सुट्टी लागली म्हणून सगळं बंद ठेवू नये. हल्लेखोरांना सुट्ट्या आवडतात. २०२१चा 'कसेया'वरचा मोठा हल्ला अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीच्या तोंडावरच झाला. डिसेंबर २०२१मध्ये 'लॉगफोरशेल'ची खिंडार उघडी पडली, तशी वेळ आली तर थांबण्याचा नियम मोडायचा. पण तो मोडायचा अधिकार कुणाचा, हे आधी ठरलेलं हवं.

यावर दोन आक्षेप येतील. एक, हे सगळं जाहीर केलं तर चोरांनाच फायदा. बरोबर आहे. म्हणून नेमकी आवृत्ती आणि नेमकं मिनिट सांगू नका. धोरण सांगा आणि तक्रार घेणाऱ्याचं नाव सांगा. चर्चच्या बोर्डावर मिस्साच्या वेळा लावतात, तिजोरीची किल्ली कुठे आहे ते लावत नाहीत. दुसरा आक्षेप, लॅबमध्ये माणूस एकच, तोच प्रोजेक्टर लावतो, तोच प्रिंटर दुरुस्त करतो, त्याच्यावर हे ओझं कशाला? मला उलट वाटतं. ठरलेलं वेळापत्रक नसतं तेव्हाच त्याला रात्री अकराला फोन जातात आणि सगळ्यांच्या शिव्या तो एकटा खातो. वेळापत्रक लिहिलेलं असेल तर जबाबदारी वाटली जाते.

आपल्या मंडळाने कॉलेजला तीन साधे प्रश्न लेखी विचारावेत असं मी सुचवते. नव्या अ‍ॅपची यादी लागू करण्याआधी ती कोण वाचतं? परीक्षेच्या काळात वेगळा नियम आहे का? आणि अभ्यासाची साइट अचानक बंद झाली तर विद्यार्थ्याने कुणाकडे जायचं? उत्तरं असतील तर पुढच्या अंकात छापू. नसतील तर ती तयार करायला या सेमिस्टरइतका वेळ पुरेसा आहे.