पाय पळवायचे की दंड कमवायचे?

पहाटे साडेचारच्या सुमारास देशातल्या कितीतरी गावांबाहेरच्या डांबरी रस्त्यांवर पावलांचे आवाज सुरू होतात. हरियाणा असो, राजस्थान असो वा सातारा, ही मुले सैन्यभरतीची तयारी करीत असतात. मैदानावर त्यांना १.६ किलोमीटर पळायचे असते. साडेपाच मिनिटांच्या आत पोहोचणाऱ्याला पूर्ण ६० गुण. मग धाप पुरती ओसरण्याआधीच लोखंडी दांड्याला लटकून शरीर वर ओढायचे, म्हणजे मुलांच्या भाषेत 'बीम' मारायचे. दहा बीम मारले तर ४० गुण, सहाच निघाले तर अवघे १६. शिवाय ९ फुटांचा खंदक उडी मारून ओलांडायचा असतो तो वेगळाच.

साडेपाच मिनिटे म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या, दर फेरीला सुमारे ८२ सेकंद. नुसते पळून दंडात बळ येत नाही आणि नुसती वजने उचलून हा वेग येत नाही. त्यामुळे घाबरलेली मुले दोन्ही गोष्टी रोज, जीव तोडून करतात. घोळ होतो तो इथेच.

रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाने १९८० मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवडे काही जणांनी फक्त ताकदीचे व्यायाम केले, काहींनी फक्त दमाचे, तर काहींनी दोन्ही, तेही आठवड्यातले पाच-सहा दिवस. दोन्ही करणाऱ्यांचा दम इतरांइतकाच वाढला. ताकद मात्र सातव्या आठवड्यानंतर थबकली आणि शेवटी घसरू लागली. शरीराला सावरायला सवडच मिळाली नव्हती.

म्हणून ताकदीचा व्यायाम सोडावा असे मुळीच नाही. १५०० मीटरमध्ये १९८० आणि १९८४ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारा सबॅस्टियन को नेमाने वजने उचलत असे, आणि त्याची अंगकाठी शेवटपर्यंत सडपातळच राहिली! वजन उचलल्याने शरीर बोजड होते ही भीती बहुतांशी खोटी आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढते ती ताकद मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला जुंपू लागल्यामुळे. दंडाचा घेर नंतर वाढतो.

खरा प्रश्न आहे वाटणीचा. आठवड्यातून दोन दिवस वेगाने पळणे पुरे. उदाहरणार्थ, ४०० मीटरच्या पाच-सहा फेऱ्या, प्रत्येकीनंतर विश्रांती. एक दिवस लांब, पण सावकाश. ताकदीचा व्यायाम दोनदाच, आणि तोही वेगाच्या दिवशीच संध्याकाळी. सकाळचे पळणे आणि संध्याकाळच्या बैठका यांत सहा तास तरी जावेत. असे केल्याने दुसरा दिवस खरोखर हलका मिळतो. बैठकांनी भरून आलेल्या पायांनी सकाळी घड्याळ लावून पळण्यात काही अर्थ नसतो.

ज्याला एकही बीम निघत नाही त्याने स्टुलावर चढून हनुवटी दांड्यावर न्यावी आणि पाच मोजत सावकाश खाली यावे. एका वेळी चार-पाचदा पुरे. बीम जमू लागले की आठवड्यातून एकदा ते पळून झाल्याबरोबर मारून पाहावेत, कारण मैदानावर क्रम तोच असतो. ताज्या अंगाने बारा मारणाऱ्याचे तिथे आठच निघतात, आणि आठाला गुण २७ च.

नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवले की कळ येत असेल, तर पळणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. तेल चोळून रेटत राहिल्यास हाडाला बारीक तडा जाऊ शकतो आणि हातची भरती जाते. महागड्या पावडरच्या डब्यांवर पैसे घालवण्याचेही कारण नाही. दूध, अंडी, भिजवलेले हरभरे, पोटभर भाकरी आणि रात्रीची आठ तास झोप एवढे घरातच मिळते.

भरतीच्या आधीचे आठ-दहा दिवस बैठका बंद कराव्यात, बीम निम्म्यावर आणावेत आणि वेगाच्या फेऱ्या दोन-तीनच ठेवाव्यात. नेमके याच दिवसांत मुलांना आणखी जोर लावावासा वाटतो. घरच्यांनी तेवढे अडवावे.