आशीर्वाद आणि घाम

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची उपासना आटोपून बाहेर पडलो, तर आमच्या मंडळीतला एक मुलगा भेटला. आयटीआय झालेला, सहा महिने घरी. विचारलं, "काय रे, कुठे अर्ज केलास का?" म्हणाला, "सर, अर्जाची गरज नाही. मी दान पेरलंय, नोकरी दाराशी येणार." मला आधी कळेचना. मग त्याने मोबाईलवर एका वक्त्याचं भाषण दाखवलं. झगमगीत मंच, भारी सूट. सारांश इतकाच, की विश्वासाने पैसे पाठवा. नोकरी, गाडी, बंगला देव पाठवील. त्याच्या आईने धुणीभांडी करून साठवलेले दोन हजार रुपये तिकडे गेले होते.

शेजारी उभे असलेले एक वडीलधारे म्हणाले, "कशाला ही हाव? मोठं व्हायचं वेड हा सैतानाचा मोह. आहे त्यात समाधान मान."

ही दोन्ही मतं एकमेकांच्या अगदी विरुद्ध वाटतात. पण गंमत बघा, दोन्हींचा परिणाम एकच. पोरगा घरीच!

आणि दोघंही बायबलचं नाव घेतात. अहो, मत्तयाच्या 25व्या अध्यायातला रुपयांचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकत आलो. धनी रागावला तो व्यापारात बुडालेल्या चाकरावर नव्हे, भीतीने रुपये जमिनीत पुरून ठेवणाऱ्यावर. प्रेषित पौल तर तंबू शिवून पोट भरायचा. देवाने कष्टांना कमी लेखल्याचं मला तरी कुठे आढळलं नाही.

विश्रामबागेत राहणाऱ्याला उदाहरणासाठी लांब जायला नको. शेजारच्या वानलेसवाडीचं नाव कुणावरून पडलं, हे तिथून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे? डॉ. विल्यम वानलेस 1889 साली हिंदुस्थानात आले आणि 1894 मध्ये त्यांनी मिरजेत इस्पितळ सुरू केलं. छोटा दवाखाना काढून ते समाधान मानू शकले असते. तसं न करता त्यांनी इथल्याच मुलांना वैद्यकी शिकवायला घेतली. 1928 पर्यंत ते राबले. वैद्यकीय गाव म्हणून मिरजेचं नाव झालं, त्यात त्यांचा वाटा मोठा. ही महत्त्वाकांक्षा नाही तर काय? फक्त ती स्वतःच्या गाडी-बंगल्यासाठी नव्हती.

कुणी म्हणेल, ते साहेब लोक, त्यांना मिशनचा आधार. बरं, मग आपल्या पंडिता रमाबाई घ्या. 1896-97 च्या दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली-बायकांना त्यांनी केडगावला नुसतं जेवू घातलं नाही, हाताला काम शिकवलं. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे तिथल्या बायकांनी जुळवले. प्रार्थनाही होती आणि छापखानाही होता.

आता एक कबुली. त्या वडीलधाऱ्यांसारखाच मीही एकदा वागलो आहे. गणितात तल्लख अशी एक विद्यार्थिनी होती. वडील हमाल. तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं. वालचंद कॉलेज इथून हाकेच्या अंतरावर. मी तिला म्हटलं, "बाळ, डी.एड. कर, झेपेल तेवढंच करावं." तिने ऐकलं. आज ती चांगली शिक्षिका आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा हसत म्हणाली, "सर, फॉर्म तरी भरू द्यायचा होता." त्या रात्री मला झोप लागली नाही. तिच्या वाटणीचे रुपये जमिनीत पुरायला लावणारा मीच होतो.

घाम गाळूनही ज्यांच्या पदरी काही पडत नाही, असे पुष्कळ आहेत. त्यांचा विश्वास कमी पडला असं म्हणणं ही क्रूरता आहे. माझा राग त्यांच्यावर नाही. गरिबाला आशीर्वाद विकणाऱ्यांवर आहे, आणि स्वतः पेन्शन खात गरिबाला समाधान शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांवरही आहे.

त्या मुलाला म्हटलं, "प्रार्थना कर, जरूर कर. पण उद्या नऊ वाजता प्रमाणपत्रं घेऊन ये. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत दारोदार विचारत फिरू."

साडेनऊला आला. पण आला! नोकरी त्या दिवशी मिळाली नाही. तिसऱ्या आठवड्यात एका वर्कशॉपमध्ये लागला आहे. पगार थोडा आहे, काम शिकतो आहे. आईचे दोन हजार आधी परत करायचे, असं त्याने स्वतःहूनच ठरवलंय.