सहा रेषांची लिपि

अमरावती-अकोल्याच्या घरांतून पेटी-तबल्याच्या जोडीस आतां गिटारही येऊं लागली आहे. ती शिकणाऱ्या मुलांच्या वहींत सा-रे-ग-म नसतें. असतात सहा आडव्या रेषा व त्यांवर आंकडे. ‘ही कसली विद्या?’ असें विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांकरितां व नवशिक्या मुलांकरितां आजचे हे चार शब्द.

या लिपीस टॅब म्हणतात. सहा रेषा म्हणजे सहा तारा. वाद्य मांडीवर घेतलें असतां जाड तार वर येते, कागदावर मात्र ती सर्वांत खालीं. नवशिका प्रथम येथेंच अडखळतो. आंकडा पडद्याचा. ३ म्हणजे तिसऱ्या पडद्यावर बोट, ० म्हणजे मोकळी तार. आंकडे एकाखालीं एक असल्यास त्या तारा एकदम छेडावयाच्या.

ही लिपि कांहीं आजचें खूळ नव्हे. इ. स. १५०७ मध्यें व्हेनिस येथें पेत्रुची या मुद्रकानें ल्यूट नामक तंतुवाद्याचीं पुस्तकें अशाच पद्धतीनें छापलीं होतीं.

तथापि बोट कोठें ठेवावें हें टॅब सांगते. सूर किती वेळ धरावा हें साध्या टॅबमध्यें बहुधा नसतें. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपींत कोमल स्वराखालीं आडवी रेघ व तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. शिवाय मात्रा, सम आणि खाली यांच्याही खुणा असतात. तेथें ० म्हणजे खाली, येथें मोकळी तार. मुलांनीं गोंधळूं नये. ऋग्वेदाच्या छापील संहितेंतही अनुदात्ताखालीं आडवी व स्वरितावर उभी रेघ असते. पण केवळ त्या रेघा पाहून कोणास वेदपठण आलें नाहीं. तें गुरुमुखांतून ऐकूनच येतें. टॅबचेंही तसेंच आहे.

म्हणून मुलांस आमचें सांगणें कीं, नवी ओळ आधीं ऐकावी, हातावर ताल धरून गुणगुणावी, आणि मग वाजवावी. वडिलांस विनंति इतकीच कीं, या लिपीस हिणवूं नये. गिटार न येणाऱ्या आजोबांसही ताल धरतां येतो. त्यांनीं रोज पाव तास नातवंडांजवळ बसून टाळीनें मात्रा मोजाव्या. टॅबमध्यें जें नसतें, नेमकें तेंच त्यांच्यापाशीं असतें.